बुद्धिमत्ता चाचणी बनवणाऱ्या आल्फ्रेड बिने यांनाच बुद्धीला कायमचा नंबर चिकटवणं मान्य नव्हतं

शाळेत असताना तुम्ही चौथी-सातवीची किंवा पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा दिली असेल, तर बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर नक्की आठवत असेल. गटात न बसणारा शब्द ओळखा, आकृत्यांची मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा शोधा. पुढे पोलीस भरती असो की एमपीएससी, बुद्धिमापनाचे प्रश्न काही पाठ सोडत नाहीत.

आता त्यात आणखी एक प्रकार आलाय. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक काल्पनिक गाव किंवा एखादं अनोळखी यंत्र दाखवायचं, ते तुमच्या हातात सोपवायचं आणि तुम्ही काय बघता, काय विचारता, चूक झाल्यावर काय बदलता यावरून तुमची बुद्धी तपासायची. याला सिम्युलेशन म्हणतात.

पेपरवरची चाचणी असो की स्क्रीनवरचं गाव, या सगळ्याची सुरुवात शोधत गेलं की आपण सव्वाशेहून अधिक वर्षं मागे पॅरिसमध्ये पोहोचतो. तिथे एक माणूस आपल्या दोन लहान मुलींचं निरीक्षण करत होता. त्या माणसाचं नाव आल्फ्रेड बिने.

ज्या कामामुळे बिने जगभर ओळखले गेले, त्या कामाचा पुढे जो वापर झाला तो त्यांना बघवला नसता. तो बराचसा त्यांच्या मृत्यूनंतर झाला. म्हणूनच त्यांची गोष्ट माहीत असायला हवी.

वकिली सुटली, डॉक्टरकी सुटली

आल्फ्रेड बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस शहरात झाला. आज नीस फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा ते सार्डिनियाच्या राज्यात होतं. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील लवकरच वेगळे झाले आणि आल्फ्रेड आईकडे वाढला.

लहानपणी तो भित्रा होता. त्याची भीती घालवायची म्हणून वडिलांनी त्याला एका मृतदेहाला हात लावायला लावला, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. भीती गेली नाही, उलट ती आठवण आयुष्यभर राहिली.

पुढे आई त्याला घेऊन पॅरिसला आली. तिथल्या नामांकित शाळेत शिकून १८७८ मध्ये त्याने कायद्याची पदवी घेतली. वकिलीत मन रमलं नाही. मग घराण्याच्या वाटेने डॉक्टरकीचं शिक्षण सुरू केलं, तेही अर्धवट सुटलं. मानसिक ताण इतका वाढला की सगळं थांबवावं लागलं.

या रिकाम्या काळात त्याला आधार मिळाला तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा. तिथे बसून तो मानसशास्त्राची पुस्तकं वाचायला लागला. कोणी गुरू नाही, कसली पदवी नाही. मानसशास्त्र हा विषय तेव्हा स्वतःच नवा होता. ग्रंथालयातल्या वाचनावर भरवसा ठेवून या तरुणाने लेख लिहायला सुरुवात केली. पहिल्याच लेखात चुका निघाल्या. त्या काढल्या जोसेफ डेलबफ या बेल्जियन अभ्यासकाने. हे नाव लक्षात ठेवा, कारण थोड्याच वर्षांत ते पुन्हा येणार आहे.

लोहचुंबकाने झालेली नाचक्की

१८८३ मध्ये बिने पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करू लागले. तिथे जाँ-मार्तें शार्को यांचं राज्य होतं. शार्को म्हणजे त्या काळातले जगप्रसिद्ध मेंदूविकारतज्ज्ञ. संमोहनावरची त्यांची प्रात्यक्षिकं बघायला दुरून लोक यायचे.

बिने आणि त्यांचे सहकारी शार्ल फेरे यांनी तिथे एक जबरदस्त दावा केला. संमोहित रुग्णाच्या शरीराजवळ लोहचुंबक फिरवला की एका बाजूची लक्षणं दुसऱ्या बाजूला जातात, भावनासुद्धा उलट्या होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे हसणारा माणूस चुंबक फिरवला की रडणार.

डेलबफ यांना हे पटेना. ते स्वतः साल्पेत्रिएरला आले आणि प्रयोग बघितला. तिथे काय चाललंय हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. संशोधक रुग्णासमोरच आपसात बोलत होते, चुंबक उघडपणे हाताळत होते. पुढे काय होणं अपेक्षित आहे ते रुग्णाला आधीच कळत होतं. डेलबफ यांनी घरी परतून चुंबक न वापरता, फक्त सूचना देऊन तेच परिणाम दाखवून दिले.

बिने आधी भांडले. मग हळूहळू मागे हटले आणि शेवटी आपली चूक त्यांनी मान्य केली. १८९० च्या सुमारास त्यांनी साल्पेत्रिएर सोडलं.

करिअरच्या दृष्टीने हा मोठाच फटका होता. पण यातून एक धडा मिळाला, तो पुढे आयुष्यभर पुरला. माणसाला तपासताना तपासणाऱ्याच्या मनातली अपेक्षा त्याच्या उत्तरात उतरते. प्रश्न कसा विचारला, कोणासमोर विचारला, चेहऱ्यावर काय होतं, यावर उत्तर बदलतं. पुढे १९०० मध्ये त्यांनी या सूचनाग्रहणावर एक पूर्ण पुस्तक लिहिलं.

घरातच प्रयोगशाळा

दरम्यान १८८४ मध्ये बिने यांचं लग्न लॉर बाल्बियानी यांच्याशी झालं होतं. सासरे एदुआर बाल्बियानी हे नावाजलेले गर्भविज्ञान संशोधक. १८८५ मध्ये मादलेन आणि १८८७ मध्ये आलिस अशा दोन मुली झाल्या.

हातात नोकरी नाही, रुग्णालय सुटलंय आणि घरात दोन लहान मुली. बिने त्यांचं निरीक्षण करायला लागले. कमी-जास्त ढिगाऱ्यातला मोठा ढीग कोणता, कोणती रेघ लांब, चाकू म्हणजे काय, असे साधे खेळ.

एक गोष्ट त्यांना फार लवकर दिसली. दोघी मुली हुशार होत्या, पण दोघींची हुशारी सारखी नव्हती. मादलेन शांत, विचारपूर्वक पाऊल टाकणारी. आलिस चंचल, कल्पनेत रमणारी. एकाच घरातल्या दोन बहिणींचे विचार करण्याचे रस्ते इतके वेगळे असतील, तर बुद्धी एकाच पट्टीने कशी मोजणार?

दुसरी गोष्ट म्हणजे लहान मुलांच्या प्रतिक्रियेचा वेग मोजला तर तो मोठ्यांपेक्षा सरासरीने कमी येत होता, पण मूल लक्ष देऊन असेल तेव्हा कधी कधी ते मोठ्यांच्या बरोबरीला पोहोचायचं. म्हणजे फरक फक्त वेगाचा नव्हता, लक्ष टिकवण्याचाही होता.

या मुलींवरच्या कित्येक वर्षांच्या कामातून १९०३ मध्ये त्यांचं बुद्धीच्या अभ्यासावरचं पुस्तक आलं. त्यात मुलींची नावं बदलून मार्गरीत आणि आर्मांद अशी ठेवली होती. या प्रयोगांमध्ये बिने मुलींना काम करताना मनात काय चाललंय ते बोलायला सांगायचे. उत्तरापेक्षा उत्तरापर्यंतची वाट त्यांना बघायची होती.

गणिती जादूगार, आंधळं बुद्धिबळ आणि दुकानातले कॅशियर

१८९१ मध्ये बिने यांची एका रेल्वे स्टेशनवर आंरी बोनी यांच्याशी गाठ पडली. बोनी सोर्बोन विद्यापीठातल्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख होते. बिने यांनी तिथे काम करण्याची इच्छा सांगितली आणि बिनपगारी काम सुरू झालं. काही वर्षांतच ते त्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिले. तिथूनच त्यांनी फ्रान्समधलं मानसशास्त्राचं महत्त्वाचं वार्षिक नियतकालिक सुरू केलं. १८९४ मध्ये कीटकांच्या मज्जासंस्थेवर डॉक्टरेटही मिळवली.

याच काळात त्यांच्याकडे जाक इनोदी नावाचा माणूस तपासायला आला. इनोदी लहानपणी मेंढ्या राखायचा आणि मोठमोठ्या आकड्यांची गणितं तोंडी करून दाखवायचा. आपल्याकडे शकुंतला देवींचे कार्यक्रम जसे गाजले, तसे युरोपात त्याचे कार्यक्रम गाजत होते.

सगळ्यांना वाटायचं की याला आकडे डोळ्यांसमोर दिसत असणार. बिने यांनी तपासलं तर इनोदीला आकडे दिसत नव्हते, ऐकू येत होते. त्याच काळातला दुसरा गणिती दियामांदी मात्र आकडे लिहिल्यासारखे बघायचा. काम एकच, डोक्यातली रीत वेगळी.

बिने यांनी आणखी एक गंमत केली. पॅरिसच्या बॉं मार्शे या मोठ्या दुकानातल्या अनुभवी कॅशियर लोकांना त्यांनी इनोदीच्या बरोबरीने गणितं घातली. लहान आकड्यांच्या गुणाकारात कॅशियर पुढे निघाले. आकडे मोठे झाले तेव्हा मात्र इनोदीला गाठणारं कोणी नव्हतं. म्हणजे जिला आपण दैवी देणगी म्हणतो, त्यातला मोठा भाग सरावाचा असू शकतो.

पटाकडे न बघता बुद्धिबळ खेळणाऱ्यांचाही त्यांनी अभ्यास केला. असे खेळाडू पटाचा फोटो डोक्यात ठेवत असतील अशी त्यांची कल्पना होती. पण बऱ्याच चांगल्या खेळाडूंनी सांगितलं की फोटो वगैरे काही नसतो, कोणतं मोहरं कोणावर दबाव टाकतंय याचं भान असतं. बिने यांनी आपला आधीचा अंदाज बाजूला ठेवून हे नोंदवलं.

डोकं मोजून बुद्धी कळते का?

त्या काळी शास्त्रज्ञांचा एक मोठा गट टेपने डोकी मोजत होता. डोकं मोठं, मेंदू मोठा, बुद्धी जास्त, असं साधं गणित. बिने यांनीही शाळांमध्ये जाऊन मुलांची डोकी मोजली. शिक्षकांनी हुशार म्हटलेली मुलं आणि मागे म्हटलेली मुलं यांच्या डोक्यांत फरक इतका किरकोळ निघाला की त्याचा काही उपयोग नव्हता.

शिवाय जुनं दुखणं पुन्हा दिसलं. कोणतं मूल मागे आहे हे आधीच माहीत असलं की मोजणाऱ्याचा हात नकळत कमी माप घेतो, अशी शंका त्यांना स्वतःबद्दलच आली. चुंबकाचा धडा इथे कामी आला. डोकी मोजण्याचा रस्ता त्यांनी सोडून दिला.

यश मात्र अजून लांबच होतं. प्राध्यापकपदासाठी त्यांनी अर्ज केले. कोलेज द फ्रान्समधली जागा पिएर जाने यांना मिळाली. बिने यांना फ्रान्समध्ये शेवटपर्यंत प्राध्यापकी मिळाली नाही.

सरकारला हवी होती चाळणी

१८८० च्या दशकात फ्रान्सने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. गरीब, शेतकरी, कामगार अशा सगळ्या घरांतली मुलं पहिल्यांदाच शाळेत आली. त्यातली काही मागे पडू लागली. मग प्रश्न आला की अशा मुलांचं करायचं काय?

१९०४ मध्ये सरकारने यासाठी एक आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढायचं ठरत होतं, पण त्या वर्गात पाठवायचं कोणाला हे ठरवण्याची पद्धत नव्हती. शिक्षकाने म्हटलं म्हणून पाठवायचं, तर खोडकर मुलालाही बाहेर काढलं जाणार. डॉक्टरांनी म्हटलं म्हणून पाठवायचं, तर एकाच मुलाला तीन डॉक्टर तीन वेगळी नावं द्यायचे.

बिने यांना इथे खरी भीती होती ती मुलाची. एकदा त्या वर्गात गेलेल्या मुलाच्या कपाळावर शिक्का बसणार होता. तो चुकीचा बसला तर? म्हणून तपासणी अशी हवी की कोणीही केली तरी निकाल सारखा यावा.

त्यांच्यासोबत तेओदोर सिमों नावाचे तरुण डॉक्टर होते. पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात ते मतिमंद मुलांसोबत काम करत होते. दोघांनी मिळून १९०५ मध्ये ३० प्रश्नांची मालिका प्रसिद्ध केली. जगातली पहिली व्यवहारात चालणारी बुद्धिमत्ता चाचणी ती हीच.

प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जायचे. पेटलेल्या काडीमागे नजर फिरते का, इथून सुरुवात. मग चॉकलेटचा कागद काढून खाणं, वस्तूंची नावं सांगणं, तीन आकडे ऐकून परत म्हणणं, वजनं क्रमाने लावणं आणि शेवटी दोन जवळच्या अर्थाच्या अमूर्त शब्दांतला फरक सांगणं. यात वाचता-लिहिता येणं फारसं लागत नव्हतं, कारण बिने यांना शाळेत काय शिकवलंय ते तपासायचं नव्हतं.

१९०८ मध्ये त्यांनी मोठी सुधारणा केली. प्रश्न वयानुसार लावले. तीन वर्षांच्या मुलाला नाक, डोळे, तोंड दाखवता आलं पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाला चौकोन बघून काढता आला पाहिजे. चित्र दाखवलं तर लहान मूल त्यातल्या वस्तूंची नुसती नावं घेतं, थोडं मोठं मूल काय चाललंय ते सांगतं आणि बारा वर्षांच्या आसपासचं मूल चित्राचा अर्थ लावतं. कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांना काय जमतं, हे शाळांमधल्या मुलांना तपासून ठरवलं होतं.

आठ वर्षांचं मूल सहा वर्षांच्या मुलांना जमणारे प्रश्नच सोडवू शकत असेल तर त्याची बौद्धिक पातळी सहा वर्षांची. यातून आपला मानसिक वयाचा शब्द आला.

तपासण्याची रीतही महत्त्वाची होती. प्रत्येक मुलाला सगळे प्रश्न विचारायचे नाहीत. त्याला नक्की जमेल तिथून सुरू करायचं, जमत गेलं तर वर जायचं, सगळंच अडायला लागलं की थांबायचं. आज कॉम्प्युटरवरच्या काही परीक्षांमध्ये तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड येतो. त्यामागची कल्पना हीच आहे.

बिने यांचा इशारा

चाचणी गाजायला लागली तसे बिने अधिक सावध झाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं.

एक, ही पातळी म्हणजे उंची-वजनासारखं माप नाही. बुद्धी हे अनेक गोष्टींचं मिश्रण आहे, त्यांची बेरीज करून एक आकडा काढला की तो खऱ्या मोजमापाचा नसतो.

दोन, आज मूल कुठे आहे एवढंच चाचणी सांगते. ते का मागे आहे आणि उद्या कुठे असेल, हे सांगत नाही.

तीन, ज्यांचं वातावरण सारखं आहे अशाच मुलांची तुलना करता येते.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बुद्धी जन्मतः ठरलेली असते आणि वाढवता येत नाही असं म्हणणाऱ्या शिक्षकांवर ते खूप चिडायचे. १९०९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी या निराशावादाला उघड विरोध केला. नुसतं लिहून थांबले नाहीत, तर मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष, स्मरण आणि इच्छाशक्ती वाढवणारे व्यायाम त्यांनी तयार केले. खेळाडू जसा शरीर कमावतो तसं मन कमावता येतं, अशी त्यामागची कल्पना होती. पॅरिसच्या एका शाळेत १९०५ पासून त्यांनी मुलांसाठी प्रयोगशाळाच उघडली होती.

विशेष म्हणजे याच काळात हा गंभीर शास्त्रज्ञ रात्री नाटकं लिहीत होता. आंद्रे द लोर्द या लेखकासोबत त्यांनी भयनाट्यं लिहिली. लहानपणी मृतदेहाला घाबरलेला मुलगा आता प्रेक्षकांना घाबरवत होता.

१९११ मध्ये चाचणीची आणखी एक सुधारित आवृत्ती आली. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला बिने गेले. वय होतं फक्त ५४.

अमेरिकेत चाचणी पोहोचली, इशारा मागेच राहिला

बिने जिवंत असतानाच त्यांची चाचणी अमेरिकेत पोहोचली होती. हेन्री गॉडर्ड यांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं. पण गॉडर्ड यांचा विश्वास होता की बुद्धी रक्तातून येते. ज्या मुलांना मदत मिळावी म्हणून चाचणी बनली होती, तशा लोकांना वेगळं काढण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. जहाजाने न्यूयॉर्कला उतरणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या, दमलेल्या स्थलांतरितांची बुद्धी बंदरावरच तपासली गेली.

१९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी त्याला १०० ने गुणलं आणि आयक्यू घराघरात पोहोचला. म्हणजे आयक्यू हा आकडा बिने यांनी दिलेलाच नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १७ लाख सैनिकांच्या गटागटाने चाचण्या घेतल्या.

सगळ्यात वाईट पान लिहिलं गेलं ते १९२७ मध्ये. व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक या तरुणीला मंदबुद्धी ठरवून तिची सक्तीने नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. तिला मंदबुद्धी ठरवताना आधार होता तो बिने यांच्या चाचणीचा.

याउलट एक चांगली गोष्टही घडली. पहिल्या महायुद्धानंतर जाँ पियाजे नावाचा स्विस तरुण पॅरिसला आला आणि बिने यांच्या जुन्या शाळेतल्या प्रयोगशाळेत मुलांच्या चाचण्या घेऊ लागला. त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरं जास्त रंजक वाटली. एका वयाची मुलं एकसारखीच का चुकतात, या प्रश्नातून त्याने बालविकासाचा सिद्धांत उभा केला. आपल्याकडे डीएडला शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव पाठ असतं.

मराठीत आले बिने

ही चाचणी भारतात आणायची तर नुसतं भाषांतर करून भागणार नव्हतं. फ्रेंच नाणी, फ्रेंच चित्रं, फ्रेंच घरातल्या सवयी इथल्या मुलाला काय कळणार? लाहोरमध्ये सी. हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात हिंदुस्तानी आवृत्ती तयार केली.

मराठी मुलांसाठी हे काम केलं डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी चाचणी नव्याने बसवली. १९३४ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं पुस्तक. बिने-कामत नावाने ओळखली जाणारी ही चाचणी आजही भारतातल्या दवाखान्यांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते. पॅरिसमध्ये सुरू झालेलं काम मराठी मुलापर्यंत पोहोचलं ते असं.

पुढे १९६२ मध्ये पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली. तिथे बुद्धिमान मुलं निवडताना बुद्धी एक नसून अनेक क्षमतांची बनलेली असते, हे मानणाऱ्या गिल्फर्ड यांच्या मांडणीवर काम झालं. बिने यांना दोन मुलींमध्ये दिसलेला फरक इथे वेगळ्या वाटेने परत आला.

आणि आता कॉम्प्युटरवरचं गाव

पेपरवरच्या प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतं. खऱ्या आयुष्यातल्या प्रश्नाला तसं नसतं. ही तक्रार घेऊन जर्मन मानसशास्त्रज्ञ डीट्रिख डॉर्नर यांनी १९७० च्या दशकात कॉम्प्युटरवर लोहाउझेन नावाचं एक काल्पनिक गाव बनवलं. त्यात कारखाना, घरं, दुकानं, कर, बेकारी असं सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास घटक एकमेकांत गुंतलेले होते. ४८ जणांना एकेक करून त्या गावाचं महापौर केलं आणि दहा वर्षांचा कारभार काही तासांत करायला लावला.

काहींनी गाव भरभराटीला आणलं, काहींनी बुडवलं. यशस्वी लोक असं का झालं हे जास्त विचारायचे आणि आपला अंदाज तपासून बघायचे. अपयशी लोक एका प्रश्नावरून दुसऱ्यावर उड्या मारायचे. त्या अभ्यासात नेहमीच्या बुद्धिमत्ता चाचणीतले गुण आणि गावाचा कारभार यांचा फारसा संबंध दिसला नाही. पुढच्या काही अभ्यासांत मात्र तो संबंध सापडला, आणि हा वाद अजून चालू आहे.

त्यांच्याच दुसऱ्या एका सिम्युलेशनमध्ये आफ्रिकेतल्या कोरड्या भागातल्या पशुपालकांना मदत करायची होती. बऱ्याच जणांनी खोल विहिरी खणल्या, गुरं वाढली, सगळं छान चाललं आणि काही वर्षांनी जमिनीतलं पाणीच संपलं. बोअरवेल आटलेल्या मराठवाड्यातल्या वाचकाला यात नवीन काही वाटणार नाही.

२०१२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत ४४ देश आणि प्रदेशांतल्या १५ वर्षांच्या मुलांना अशीच कोडी कॉम्प्युटरवर दिली गेली. अनोळखी तिकीट मशीन किंवा एसीसारखं यंत्र, कोणतं बटण काय करतं हे स्वतः चाळवून शोधायचं. मुलाचं उत्तर तर नोंदलं जातंच, शिवाय त्याची प्रत्येक क्लिकही नोंदली जाते. उत्तरापर्यंतची वाट बघायची बिने यांची इच्छा कॉम्प्युटरने पूर्ण केली म्हणायची.

पण त्यांचे प्रश्न तसेच आहेत. घोडबंदर रस्त्यावर, मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत चेणे नावाचं गाव आहे. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, आजूबाजूला आदिवासी पाडे आणि थोड्याच अंतरावर उंच इमारती. समजा, तिथल्या पाड्यावरचं एक मूल आणि टॉवरमधलं एक मूल एकाच सिम्युलेशनला बसवलं. एकाने रोज टॅबलेट हाताळलाय, दुसऱ्याने पावसाळ्यात ओढा कधी ओलांडायचा आणि कधी थांबायचं हे शिकलंय. स्क्रीनवर आकडा येईल. त्या आकड्यात बुद्धी किती आणि सवय किती, हे स्क्रीन सांगणार नाही. सारख्या वातावरणातल्या मुलांचीच तुलना करा, हे बिने यांनी सांगितलं होतं ते यासाठीच.

म्हणजे चाचण्या नकोत का? तसं बिने कधी म्हणाले नाहीत. चाचणी नसेल तर शिक्षकाचा राग किंवा डॉक्टरचा अंदाज मुलाचं भविष्य ठरवणार, हे त्यांनी पाहिलं होतं. ज्या मुलाला खरंच मदत हवी आहे ते ओळखायलाच हवं, नाहीतर त्याला मदत मिळणारच नाही. त्यांचा आग्रह एवढाच होता की निकाल हातात आल्यावर काम संपत नाही, तिथे ते सुरू होतं.

त्यामुळे तुमच्या घरातल्या मुलाच्या हातात उद्या अशा एखाद्या चाचणीचा कागद आला आणि त्यावर आकडा कमी दिसला, तर तो आकडा आज मूल कुठे अडतंय एवढंच सांगतोय हे लक्षात ठेवा. ते पुढे कुठपर्यंत जाईल, हे ती चाचणी बनवणाऱ्या माणसालाही सांगता येत नव्हतं.